माझं उडवलंत, त्याचं का नाही?

गेली साडेचार वर्षं मी आमच्या कॉम्प्लेक्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, आमच्याकडे ग्रुप म्हणजे निम्मा पाण्याचा टँकर, पाव पार्किंग आणि उरलेलं सुप्रभात. ॲडमिन व्हायला कोणी तयार नव्हतं, जनरल बॉडीत सगळे मोबाइलमध्ये मान घालून बसलेले आणि मी नेमकी मान वर केली, एवढंच माझं क्वालिफिकेशन. नियम मोठा असा एकच, राजकारण नको.

गेल्या मे महिन्यात एका रात्री बी विंगमधल्या एका भाडेकरू मुलाने लिहिलं की तीन दिवस नळाला पाणी नाही आणि माजी नगरसेवकांच्या वाढदिवसाचे बॅनर मात्र आमच्या गेटपासून सिग्नलपर्यंत लागलेत, तेवढ्या पैशात दोन टँकर आले असते. मी जेवत होतो. डाव्या हाताने मेसेज दाबून धरला, डिलीट करून टाकला आणि खाली लिहिलं, 'ग्रुपवर राजकीय मेसेज नकोत, कृपया सहकार्य करावे.' काम खलास, आमटीपण गार झाली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा फिरायला जायचा दोस्त, ए विंगवाला, वीस वर्षांची ओळख, त्याने त्याचा नेहमीचा लांबलचक फॉरवर्ड टाकला, आधी एका नेत्याची आरती मग दुसऱ्याची टिंगल, शेवटी हात जोडलेले आणि 'किमान दहा ग्रुपवर पाठवा'. मी वाचला, म्हणजे नेहमीसारखा अर्धा वाचला, मनात म्हटलं हा काही सुधारायचा नाही, आणि सोडून दिलं. दुपारी मला पर्सनलवर दोन स्क्रीनशॉट आले. एकात 'ॲडमिनने डिलीट केला' ची करडी ओळ, दुसऱ्यात तो फॉरवर्ड तसाच्या तसा, खाली चार अंगठे. आणि एक ओळ, 'काका, यात फरक काय ते सांगाल का? भांडायचं नाहीये, समजून घ्यायचंय.'

मी आधी टाइप केलं की तो फॉरवर्ड मी पाहिला नव्हता. खोटं होतं, पुसलं. मग टाइप केलं की तुझ्या मेसेजमध्ये इथल्याच एका माणसावर टीका होती. हे खरं होतं, पण मग आमचा नियम 'राजकारण नको' हा नव्हताच, 'आमच्या ओळखीच्यांना दुखवू नका' असा होता आणि तो मी कुठे लिहिलेला नव्हता. तेही पुसलं. शेवटी 'बघतो' असं पाठवलं. आपल्याकडे 'बघतो' चा अर्थ काय ते सगळ्यांना माहितीये.

आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आपण सगळे आयुष्यभर शेजाऱ्याला लावत आलोय. मला त्या दिवशी पहिल्यांदा ती स्वतःला लावावी लागली आणि गंमत म्हणजे मी लबाडी केली होती असं मला आजही वाटत नाही. मला कोणी शपथेवर विचारलं असतं की बाबा तू सगळ्यांना सारखं वागवतोस का, तर मी हो म्हटलं असतं, आणि मनापासून म्हटलं असतं. झालं इतकंच की ओळखीच्या माणसाचा मेसेज आपण त्या माणसासकट वाचतो, त्याचा आवाज, त्याची ती हसायची लकब, त्याच्या आईच्या आजारपणात मारलेल्या हॉस्पिटलच्या फेऱ्या, सगळं त्यात येतं, आणि अनोळखी माणसाचा फक्त मेसेज वाचतो. म्हणून मित्राचं राजकारण 'त्याची सवय' होते आणि भाडेकरूचं राजकारण 'नियमभंग'. हे माझ्या एकट्याचं नाही, पाच वर्षं जुने मेंबर आणि काल आलेला नवा मेंबर असे दोन प्रकार जिथे जिथे आहेत तिथे हेच चालतं, नियम नव्यांसाठी आणि समजूतदारपणा जुन्यांसाठी.

तर माझं म्हणणं असं आहे की ॲडमिन, मॉडरेटर, संपादक, काय म्हणाल ते, त्याने मनाशी ठरवून निष्पक्ष होता येत नाही. मनाशी ठरवणं ही त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. दोनच गोष्टींनी थोडाफार फरक पडतो, जे उडवलं ते का उडवलं हे सगळ्यांसमोर सांगायचं आणि आपल्या माणसाचा विषय आला की आपण बाजूला व्हायचं. बाकी नियमांची चार पानं लिहा नाहीतर चाळीस.

क्रिकेटवाल्यांना हे फार आधी कळलं. १९८६ च्या नोव्हेंबरात लाहोरला पाकिस्तान विरुद्ध वेस्ट इंडीज टेस्ट झाली आणि दोन्ही अंपायर भारतीय होते, व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर. पाकिस्तानात, त्या काळात, भारतीय अंपायर! इम्रान खान कॅप्टन होता आणि हा आग्रह त्याचा. (रिपोर्टर आमच्या ठाण्यातच राहायचे, २०२३ मध्ये गेले, त्यामुळे इथल्या जुन्या लोकांकडून हा किस्सा किमान तीनदा ऐकलाय.) घरचा अंपायर चोरच असतो असं नाही. पण घरच्या अंपायरने अगदी प्रामाणिकपणे वर केलेलं बोटसुद्धा पाहुण्या टीमला चोरीच वाटतं, आणि ज्या दिवशी तसं वाटायला लागतं त्या दिवशी त्याच्या प्रामाणिकपणाचा खेळाला उपयोग उरत नाही. पुढे १९९४ पासून प्रत्येक टेस्टला एक तटस्थ अंपायर आणि २००२ पासून दोन्ही, असं आयसीसीनेच केलं. आणि कॅमेऱ्याने निर्णय तपासतानाचं ते 'अंपायर्स कॉल', ज्याच्यावर आपण टीव्हीसमोर बसून शिव्या घालतो, त्यातपण एक सरळपणा आहे बघा. इथे आम्हाला खात्री नाही, इथे मैदानावरच्या माणसाचा शब्द चालेल, हे आधीच जाहीर आहे आणि दोन्ही टीमना सारखं आहे. अंदाजपंचे ठरवायला माझी हरकत नाही, ते कुठेतरी लागतंच. अंदाजपंचे ठरवून 'नियमाप्रमाणे' म्हणण्याला हरकत आहे.

आता कोणी म्हणेल सोसायटीचे ग्रुप म्हणजे किरकोळ, मोठ्या कंपन्यांकडे माणसं आहेत, वकील आहेत, तिथे असं नसेल. २०२१ च्या सप्टेंबरात वॉल स्ट्रीट जर्नलने फेसबुकचेच आतले कागद छापले, त्यात क्रॉसचेक नावाची एक व्यवस्था बाहेर आली. बड्या लोकांची यादी. नेते, खेळाडू, सेलिब्रिटी वगैरे, २०२० मध्ये यादीत किमान ५८ लाख खाती होती. तुमची आमची पोस्ट मशीनने उचलली की गेली, यादीतल्या माणसाची पोस्ट उचलली की ती आधी बाजूला ठेवायची आणि कोणीतरी माणूस सवडीने बघणार. एका जगप्रसिद्ध फुटबॉलपटूने त्याच्यावर आरोप करणाऱ्या बाईचे नग्न फोटो २०१९ मध्ये टाकले, ते एक दिवसापेक्षा जास्त काळ तिथेच राहिले आणि ५ कोटी ६० लाख वेळा बघितले गेले. बाकीच्या कोणी हे केलं असतं तर खातं बंद. आणि कंपनी बाहेर सांगत काय होती, तर नियम सगळ्यांना सारखे. नंतर फेसबुकच्याच ओव्हरसाइट बोर्डाने, म्हणजे कंपनीने स्वतःच बसवलेल्या पंचांनी, डिसेंबर २०२२ मध्ये या प्रकरणावर ३२ शिफारशी केल्या आणि स्पष्ट म्हटलं की ही व्यवस्था लोकांच्या हक्कांपेक्षा धंद्याच्या सोयीसाठी बेतलेली दिसते. मला ते वाचताना माझा ए विंगवाला दोस्त आठवला. माझ्याकडेपण यादी होतीच की, फक्त कागदावर नव्हती.

पण याच्या उलटी बाजू सांगितली नाही तर ते अर्धवट राहील. सगळ्यांना एकच पट्टी लावली की न्याय झाला असंही नाही. २०१६ मध्ये नॉर्वेत काय झालं, व्हिएतनाम युद्धातला तो १९७२ चा फोटो, नापाम बॉम्बनंतर रस्त्यावरून पळणारी उघडी भाजलेली मुलगी, एका लेखकाने फेसबुकवर टाकला, तो उडाला. आफ्टनपोस्टन या तिथल्या मोठ्या वर्तमानपत्राने टाकला, उडाला. मग नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी टाकला, त्यांचापण उडवला! लहान मुलाचा नग्न फोटो चालणार नाही हा नियम, लेखकापासून पंतप्रधानापर्यंत एकसारखा लावला, सातत्य म्हणाल तर शंभरपैकी शंभर, आणि तरी शेंबड्या पोराला कळेल की हे चुकलंय. जगभर बोंब झाल्यावर फोटो परत आला. तेव्हा सातत्य पाहिजे म्हणजे डोकं बाजूला ठेवायचं असं नाही. कोणाचं आहे हे बघू नका, पण काय आहे आणि कशासाठी आहे हे बघाच. आपण बरोब्बर उलटं करतो, काय आहे ते बघत नाही आणि नाव आधी बघतो.

मराठीत तर याला अजून एक पदर आहे, आणि मला वाटतं तो सगळ्यात वाईट आहे. प्रत्येक ठिकाणी पहिला नियम असतो, भाषा सभ्य ठेवा. सभ्य म्हणजे कोणाची? नागपूरकडे 'काय बे' म्हणजे मित्राला घातलेली साधी हाक आहे, पुण्यामुंबईच्या माणसाला तो सरळ उद्धटपणा वाटतो. कोल्हापुरात जिवाभावाच्या दोस्ताला जी हाक मारतात ती मी इथे लिहीत नाही (बघा, मी स्वतःलाच मॉडरेट केलं). सोलापूर, जालना, धुळे, प्रत्येक ठिकाणचा पोरगा जसा बोलतो तसा टाइप करतो आणि ॲडमिन साहेब त्याला समज देतात. आणि त्याच ठिकाणी दुसरा एक असतो, तो कधीच शिवी देत नाही, तो अहोजाहो करतो. 'आपलं वाचन थोडं वाढवावं ही नम्र सूचना.' 'आपल्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा नव्हतीच, गैरसमज नसावा.' असं तीन तीन दिवस बारीक टोचत राहतो, समोरचा शेवटी वैतागून लिहितो, 'गप ए, अक्कल शिकवू नको', आणि ॲडमिनचा शिक्का कुठे पडतो ते सांगायला नको. मी स्वतः हे केलंय. शिवी दिसते, कुजकेपणा दिसत नाही. कुजकेपणाला व्याकरण चांगलं असतं.

हे नुसतं पुणेरी विरुद्ध इतर असं हलकंफुलकं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण आरक्षणाच्या चर्चेत 'सरकारचे जावई' असं कोणी लिहिलं की त्यात शिवी कुठेच नाही, जातीचं नाव नाही, कुठलंही मशीन ते पकडणार नाही, आणि ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं. तो चिडून तिखट उत्तर देतो, त्यात चार शब्द वाकडे जातात, मशीनपण पकडतं आणि माणूसपण. झालं, ज्याने डिवचलं तो सभ्य आणि जो बोलला तो 'आक्रस्ताळा'. म्हणजे ज्यांच्या घरात तीन पिढ्या प्रमाणभाषा आहे त्यांना नियम आपोआप सोयीचे, आणि जो पहिल्यांदा लिहायला लागलाय त्याला पहिल्याच आठवड्यात पिवळं कार्ड. कोणी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. नियम लिहिणारे ज्या घरातून आले त्या घराची भाषा नियमात आली, एवढंच.

आणि मग आपल्या सगळ्यांचा आवडता उपाय, 'दोघांनीही इथेच थांबावं ही विनंती'. हा मेसेज मी किती वेळा टाकलाय याचा हिशोब नाही. टाकला की स्वतःला रामशास्त्री प्रभुणे झाल्यासारखं वाटतं. पण एकाने ढकललं आणि दुसरा पडला तर दोघांनाही 'नीट चाला' म्हणणं याला काय अर्थ आहे. त्यात ॲडमिनची सोय आहे, कोणाचा वाईटपणा घ्यावा लागत नाही, आणि ढकलणाऱ्याला समजतं की पुढच्या वेळी पण अर्धाच दोष आपल्याकडे येणार. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, ते हेच.

कायद्याचं थोडं बोलतो कारण ग्रुपवर दर सहा महिन्यांनी तो 'ॲडमिनला जेल होईल' वाला फॉरवर्ड फिरतो. गोंदिया जिल्ह्यातलं एक प्रकरण होतं, २०१६ चं, ग्रुपमधल्या एकाने एका महिला मेंबरबद्दल घाणेरडी भाषा वापरली आणि ॲडमिनने त्याला काढलं नाही की माफी मागायला लावली नाही म्हणून ॲडमिनवरपण गुन्हा दाखल झाला. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये तो रद्द केला. मेंबर काय लिहितो ते आधी तपासायचा अधिकार ॲडमिनकडे नसतो, मेंबर घेणं आणि काढणं सोडलं तर तो बाकीच्यांसारखाच, आधीपासून संगनमत असेल तरच तो दोषी, असा त्याचा गोषवारा. निकाल योग्यच होता. पण पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, व्हॉट्सॲपने ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी उडवायची सोय दिली. म्हणजे जबाबदारी नाही हे कोर्टाने सांगितलं आणि त्यानंतर हातात खोडरबर आलं. मोठ्या कंपन्यांना निदान २०२१ च्या आयटी नियमांत लिहून दिलंय की, ५० लाखांपेक्षा जास्त युजर असतील तर स्वतःहून काही उडवताना त्या माणसाला कारण कळवा आणि त्याला म्हणणं मांडू द्या. किती पाळलं जातं हा वेगळा विषय. आमच्यासारख्या डाव्या हाताच्या ॲडमिनना तेवढंही बंधन नाही.

यावर दोन गोष्टी लोक हमखास म्हणतात. एक, आमचं घर आमचे नियम, पटत नसेल तर बाहेर पडा. ठीक आहे, खासगी मित्रांचा कट्टा असेल तर जरूर म्हणा. पण मग दारावर 'सर्वांचे स्वागत आहे' ची पाटी लावू नका, 'आमच्या मर्जीने चालते' अशी लावा, त्यात निदान फसवणूक नाही. आणि सोसायटीच्या ग्रुपमधून बाहेर पडून भाडेकरू जाणार कुठे, पाणी कधी येणार ते तिथेच कळतं, लिफ्ट बंद ते तिथेच, कुरिअर वॉचमनकडे आहे ते तिथेच. बाहेर पडायला किंमत लागते आणि ती सगळ्यांना सारखी नसते. दुसरं म्हणतात की हे फुकटचं काम आहे, नोकरी सांभाळून करतो, प्रत्येक डिलीटचं कारण कोण लिहीत बसणार. हे मात्र खरं आहे, मला त्याच्यावर उत्तर पण सापडलेलं नाही, एवढंच सांगतो की कारण लिहायचं ठरवलं की डिलीट आपोआप कमी होतात. कंटाळा हा फार चांगला चाळणा आहे. जे उडवायला दोन ओळींचा त्रास घ्यावासा वाटत नाही ते बहुतेक वेळा राहिलं तरी चालतं.

मी एक वही केली. खरी वही, दोनशे पानी, वाण्याकडची. तारीख, काय उडवलं, का उडवलं, आणि तसाच मेसेज आधी कधी ठेवला होता का. हा शेवटचा रकाना फार त्रास देतो. दोन महिन्यांनी पानं उलटली तर उडवलेल्यांत बहुतेक नावं बी विंगची, भाडेकरूंची, आणि त्यातही ज्यांचे डीपी मी ओळखत नाही त्यांची. दुसरा ॲडमिन म्हणून सी विंगमधल्या एक बाई घेतल्या, बँकेतून रिटायर झालेल्या, माझ्या मित्रांचे मेसेज त्या बघणार आणि त्यांच्या भिशीवाल्यांचे मी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा स्वतःचा एक मेसेज उडवला. पार्किंगवाल्या एका गृहस्थांना मी टोमणा मारला होता, अगदी शुद्ध भाषेत. कारण दिलं, 'वैयक्तिक.' मला राग आला, दोन तास फोन उलटा ठेवला, मग वहीत नोंद केली.

त्या मुलाला मी पर्सनलवर सॉरी लिहिलं होतं, त्याच आठवड्यात. त्याचं उत्तर आलं, 'थँक्यू काका. पण डिलीट तर ग्रुपवर केलेलंत ना.' आणि पुढे काही नाही. मी ते आठ दिवस लांबवलं. मग एका रविवारी ग्रुपवर टाकलं की अमुक तारखेचा पाण्याबद्दलचा मेसेज मी राजकीय म्हणून काढला तो काढायला नको होता, त्याच आठवड्यातला एक फॉरवर्ड खरोखर राजकीय असून मी तसाच ठेवला, दोन्ही चुका माझ्या. नाव कोणाचंच घेतलं नाही, पण घ्यायची गरजही नव्हती. तीन अंगठे आले, तिन्ही बी विंगचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोस्त फिरायला आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, हवापाण्यावर बोललो, दोन फेऱ्या मारल्या, टपरीवर थांबलो. वीस वर्षांत आमच्यात कधी हिशोब नव्हता, एक दिवस तो देतो एक दिवस मी. त्या दिवशी त्याने त्याच्या चहाचे दहा रुपये वेगळे काढून ठेवले.